पोरीची आठवण येईना तेव्हा

मी मूळची तोंडाळ बाई. हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यांना त्रास नको. फुलबाजारात माझं नाव काढलं की व्यापारी कानाला हात लावायचे. शेवंतीला कुणी पाडून भाव बोललं की मी पदर खोचून अशी उभी राहायची की शेजारच्या बायका आपलं गिऱ्हाईक सोडून बघायला यायच्या. तर असं हे तोंड एक दिवस बंद झालं. व्यापारी म्हणाला तो भाव मी घेतला आणि पाटी उचलून घरी आले.

सासूबाई म्हणाल्या, "आज भांडली नाय वाटतं? बरं झालं बाई, अक्कल आली."

मलाही वाटलं, आली असेल. ती अक्कल नव्हती, आजार होता, आणि हे कळायला बराच काळ गेला. तुमच्या घरात एखादं बोलकं माणूस असं गप्प झालं असेल तर त्याला शहाणं म्हणून मोकळे होऊ नका, एवढ्यासाठी हे लिहायला बसले. डॉक्टरी भाषा मला येत नाही. जे झालं ते झालं तसं सांगते.

सगळं सुरळीत झाल्यावर

आमचा मळा मखमलाबादच्या अंगाला. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, आणि कडेनं मेथी-कोथिंबीर. नव्वदचं दशक सरत आलं होतं. त्या सुमारास आमच्या ह्यांचा टेम्पो पेठ रोडला उलटला आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली, ती चिघळली, पुन्हा ऑपरेशन. वर्षभर माणूस खाटेवर. मळा, मजूर, बाजार, दवाखाना, सासूबाईंचा दमा आणि आमची सोनी, तेव्हा सहा वर्षांची, हे सगळं मी एकटीनं ओढलं. लोक म्हणायचे, वाघीण आहे वाघीण. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? त्या अख्ख्या वर्षात मला साधं पडसंसुद्धा झालं नाही.

मग हे काठी घेऊन चालायला लागले. पुढं काठीही सुटली. पेढे वाटले. आणि आता सुखानं दोन घास खावेत अशी वेळ आली, तेव्हा मीच खचून बसले.

सुरुवात चहापासून झाली. चहा म्हणजे माझा जीव की प्राण. गोड लागायचा, गरम लागायचा, पण चहा प्यायल्यासारखं वाटायचंच नाही. शेवंतीचा वास नाकात शिरायचा आणि तिथंच थांबायचा. सोनीचा वर्गात दुसरा नंबर आला, ती नाचत घरी आली. मी "शाब्बास गं माझी राणी" म्हटलं आणि म्हणता म्हणता मला घाम फुटला, कारण आत काहीच हललं नव्हतं. रेडिओवर कुणीतरी बोलावं तसा माझाच आवाज मला ऐकू आला.

नंतर भीती आली. बाजारात झेंडू तोलत होते. एकदम छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, जीभ टाळूला चिकटली. मेले मी आता, एवढंच डोक्यात. लोकांनी रिक्षात घातलं. दवाखान्यात छातीची पट्टी काढली, ईसीजीची, ती अगदी छान. "गॅस असेल," असं म्हणून घरी पाठवलं. पुन्हा झालं. पुन्हा पट्टी, पुन्हा छान. मग मी भीतीलाच भ्यायला लागले. बसमध्ये चढायची नाही, बाजारात कडेला उभी राहायची, न्हाणीघराची कडीसुद्धा आतून लावायची नाही. आत मेले तर दार कोण फोडणार?

सासूबाईंनी नारळ उतरवला, लिंबं उतरवली, मिरच्या-मीठ चुलीत टाकलं. मी आडवी आले नाही. त्यानं बरं वाटलं असतं तर मी नारळाचं पोतं उतरवून घेतलं असतं.

सोनी गेली

एका दुपारी मी ओट्यावर पडले. श्वास पुरेना, डोळे पांढरे झाले म्हणे. सोनी शेजारीच पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली. तिनं सगळं पाहिलं. त्या दिवसापासून पोर माझ्यावरची नजर काढीना. जेवायला बसली तरी माझ्याकडं बघत बसायची आणि घास तसाच ताटात राहायचा.

सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "पोरीला मामाकडं ठेव थोडे दिवस. हिचं बघून ती बी वाळून चालली. लहान जीव हाय तो."

दिंडोरीहून माझा भाऊ जीप घेऊन आला. सोनीनं माझ्या कमरेला मिठी मारली ती सुटेना. भावानं तिला उचलून गाडीत बसवलं. ती मागच्या काचेतून रडत होती. मी हात हलवला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी तिथंच उभी. आता रडू येईल, आता येईल, म्हणून वाट बघत होते. आलंच नाही. मी आत गेले आणि भांडी घासली.

पुढं रोज तसंच. दोरीवर तिचा फ्रॉक वाळत असायचा. मी तो काढायची, घडी घालायची, ठेवून द्यायची. पोटची पोर घरात नाही आणि मला तिची आठवण येत नाही! अहो, गाय हंबरते वासरासाठी. मला काहीच होईना. मरणाच्या भीतीपेक्षा ही भीती मोठी होती. आपल्यातली आई मेली, नुसतं शरीर फिरतंय, असं वाटायचं. आणि अशा बाईच्या हातात पोर परत द्यायची कशी? मी मनाशी ठरवून टाकलं की आठवण येईल तेव्हाच तिला आणायचं. नाही आली तर ती मामाकडंच बरी. हे मी कुणाला बोलले नाही. बोलणार तरी कोणत्या तोंडानं?

कॉलेज रोडचा दवाखाना

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच शेवटी सांगितलं, "ताई, तुमचं हृदय ठणठणीत आहे. हे मनाच्या डॉक्टरांचं काम आहे."

"म्हणजे मी वेडी झाले?"

"वेडी असता तर एवढं भांडला नसता माझ्याशी," ते म्हणाले. मी भांडले नव्हते. ते मला धीर द्यायला बोलले.

कॉलेज रोडला जिन्याच्या तोंडाशी पाटी होती, मनोविकारतज्ज्ञ. मी पदर नाकापर्यंत ओढून वर गेले. बाकड्यावर बसले आणि समोर पाहिलं तर रामभाऊ शेठ! फुलबाजारातला माझा जुना वैरी. ह्या माणसाशी मी वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर आलेली. त्यानं मला पाहिलं, मी त्याला पाहिलं. दोघांनी एकदमच मान वर केली आणि पंख्याकडं बघत बसलो. त्याचा नंबर येईपर्यंत आम्ही त्या पंख्याची पाती पाठ केली.

डॉक्टर तरुण होता, किडकिडीत. ह्यांनाही आत बोलावलं. विचारलं, "ताई, तुम्हाला आवडतं काय?"

"काही नाही."

"पूर्वी काय आवडायचं?"

"चहा. आणि भांडण."

तो हसला. मग म्हणाला, "आणि मुलगी?"

माझं तोंड उघडलं आणि मिटलं. मग मी म्हटलं, "ती माझ्या भावाकडं आहे. मला तिची आठवण येत नाही." ह्यांनी झटकन माझ्याकडं मान वळवली. ते असे बघत होते की मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

डॉक्टर मात्र दचकला नाही. त्यानं सावकाश सांगितलं. मेंदूत वाटा असतात. काही चांगलं घडलं की एक वाट आतपर्यंत निरोप नेते, हे छान आहे, हे पुन्हा हवं. दुसरी वाट भीतीची, धोका आला की घंटा वाजवणारी. वर्षभर जिवाला घोर लागला, त्यात ती घंटा चालूच राहिली, आता धोका गेला तरी बंद होत नाही. आणि आनंदाचा निरोप नेणारी, मन स्थिर ठेवणारी जी रसायनं असतात त्यांचा तोल गेला. "ह्यातलं सगळं आम्हालाही अजून उलगडलेलं नाही," तो म्हणाला. "पण एक सांगतो. तुमची माया गेलेली नाही. ती पोचवणारं सर्किट नीट चालत नाहीये."

आमचे हे एकदम बोलले, "म्हणजे सिंगल फेजसारखं. मोटर घुं घुं करती, पण पाणी उचलत नाय."

"अगदी तसंच. आणि तशीच चालू ठेवली तर?"

"जळती," हे म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांचाच चेहरा उतरला.

येताना स्कूटरवर मी त्यांचा शर्ट मागून मुठीत धरून बसले होते. जळती, जळती, एवढंच डोक्यात फिरत होतं.

गोळ्या दोन वेळच्या, जेवणानंतर. लगेच गुण येणार नाही, काही आठवडे जातील, आणि मनानं बंद करायच्या नाहीत, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पहिले दिवस तर वाईटच गेले. मळमळ, थरथर, घंटा आणखी जोरात. कुणी नवीन घेत असेल तर सांगते, तेवढे दिवस कळ काढा आणि डॉक्टरला विचारत राहा. शेजारीपाजारी आम्ही सांगितलं की रक्त कमी झालंय. सासूबाई म्हणायच्या, "आसल्या गोळ्यांची सवय लागती म्हणं." पण पाण्याचा तांब्या त्याच आणून ठेवायच्या.

गणपती बसले तोवर भीती थोडी मागं हटली. मी बाजारात जायला लागले. चहाला मधूनच चव यायची. आठवण तेवढी येत नव्हती.

माळा

मग नवरात्र आलं. आमच्याकडं घट बसतात, रोज एक माळ चढते, फुलं आमच्याच मळ्यातली. दसऱ्याचा झेंडू म्हणजे आमचा वर्षाचा हंगाम, त्यामुळं तेव्हा घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि ह्या घरच्या सुनेनं नऊ दिवस उपास धरायचा, दूध आणि फळं सोडून तोंडात काही घालायचं नाही, ही रीत. त्या वर्षी सासूबाईच म्हणाल्या, "तू नको धरू गं. तुझ्या अंगात काय राह्यलंय?"

मी ऐकलं नाही. मी देवीला बोलले होते, माझ्या पोरीची मला आठवण येऊ दे, तुझे नऊ दिवस कडक करीन.

आणि गोळ्या? त्या तर जेवणानंतरच्या. नऊ दिवस जेवणच नाही, तर गोळी कशी घ्यायची? शिवाय गोळीनं उपास मोडायचा तो वेगळाच. मला हे इतकं सरळ वाटलं की कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्यात देवीपाशी ठेवलं आणि हात जोडले.

पहिल्या माळा बऱ्या गेल्या. उलट हलकं वाटलं. देवीच करतेय सगळं, अशी माझी खात्री. मग मान वळवली की डोक्यात झिणझिण व्हायला लागलं, उघड्या वायरला बोट लागावं तसं. चक्कर. हाताला घाम. आणि भीती अशी आली की पूर्वीची काहीच नव्हती म्हणावं.

सातव्या माळेच्या दिवशी सकाळी लाइट आली आणि मी मोटर चालू करायला विहिरीवर गेले. बटण दाबलं, पाणी लागलं. मी तिथंच उभी राहिले. मला मरायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. पण माझे पाय माझं ऐकतील ह्याची मला खात्री वाटेना. पायांना जणू माझी ओळखच उरली नव्हती. मी मटकन खाली बसले, मोटरच्या खोलीचं दार दोन्ही हातांनी धरलं आणि गळा फाडून ह्यांना हाक मारली.

त्या मोडक्या पायानं हे पळत आले. मी सगळं सांगितलं, विहिरीचंसुद्धा. त्यांनी मला काही विचारलं नाही, शहाणपण शिकवलं नाही. माझ्या दंडात दंड अडकवून तिथंच मातीत बसले, भर दिवसा, सगळ्या मजुरांच्या देखत. अशी भीती तुम्हाला कधी वाटली तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा. लाज नंतर वाटून घेता येते.

कॉलेज रोडला डॉक्टर दुपारी यायचा. मला एकटीला सोडायला हे तयार नव्हते आणि टेम्पो भरलेला होता, म्हणून मला शेजारी बसवून आधी बाजारात आणलं. सगळीकडं झेंडूच झेंडू. मी टेम्पोतून उतरले नाही. रामभाऊ शेठ भाव बोलायला आला, त्यानं माझं तोंड पाहिलं आणि थांबला. खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "गोळ्या चालू हेत ना?"

दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर आम्ही त्यावर चकार शब्द काढला नव्हता. मी म्हटलं, "नवरात्र आहे ना. जेवणच नाही, तर गोळी कशी घेणार?"

त्यानं कपाळावर हात मारला. "अहो बाई! मी श्रावणात हेच केलं. सोमवार काय, शनिवार काय, सगळे उपास धरले अन् गोळ्या ठेवल्या कपाटात. मला चौघांनी उचलून नेलं." मग ह्यांच्याकडं वळून म्हणाला, "दादा, आत्ताच्या आत्ता घेऊन जा वहिनीला. फुलं ऱ्हाऊ द्या इथं, मी बघतो. भाव तुमी म्हणाल तो."

हे ऐकून मी आणखीच घाबरले. रामभाऊ शेठ भाव सोडतोय म्हणजे आपलं काही खरं नाही, असं माझ्या मनात आलं.

ॲडमिट

डॉक्टरनं ठेवून घेतलं. लहानसंच नर्सिंग होम होतं, बायकांच्या खोलीत मोजक्या खाटा. खिडकीला जाळी. दाराची कडी बाहेरून. त्या कडीचा आवाज आला की मी खाटेवर उठून बसायची. हे लोक मला शॉक देणार, अशी माझी समजूत. रोज सकाळी डॉक्टर आला की मी विचारायची, "आज शॉक आहे का?" तो रोज तितक्याच शांतपणे म्हणायचा, "नाही ताई, तुम्हाला गरज नाही." एक दिवससुद्धा वैतागला नाही.

सकाळी चहा, मग अंघोळ, मग गोळी. सिस्टर समोर उभी राहायची आणि म्हणायची, "आ करा." मी आ करायची. शेजारच्या खाटेवरची बाई दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेली. मी तिच्याकडं बघून विचार करायची, पुढच्या वर्षी ही मी. तिथली कामाची मावशी दुपारी येऊन आम्हा दोघींच्या वेण्या घालायची. डोक्याला कुणाचा तरी हात लागायचा, तेवढा वेळ घंटा थांबायची.

ॲडमिट झाले त्याच संध्याकाळी सासूबाई डबा घेऊन आल्या. दम्यानं धापा टाकत जिना चढल्या होत्या. घट अजून उठले नव्हते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"आई, उपास आहे."

"देवीला काय सांगायचं ते मी सांगते. आमचं तिचं लय जुनं हे. तू आधी खा." घास गिळेपर्यंत त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, देव्हाऱ्यातलंच, त्याच्यावर कुंकवाचं बोट लागलेलं. "घे," म्हणाल्या. "जेवण झालं ना आता?" सिस्टरनं ते पाकीट काढून घेतलं आणि तिच्याजवळची गोळी दिली.

त्या जिना उतरेपर्यंत मी त्यांचं खोकणं ऐकत होते. एवढ्या वर्षांत मी ह्या बाईशी कितीदा भांडले असेन, त्याला गणती नाही.

दिंडोरी

घरी आले. भीती होती, पण आता ती घरातल्या खडूस पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसून राहायची, अंगावर येत नव्हती. आठवण मात्र तेव्हाही नाही. दिवाळी तोंडावर आली. मी डॉक्टरला म्हटलं, "अजून थांबते. आठवण आली की आणते पोरीला."

तो म्हणाला, "उलटं करा. आठवण यायची वाट बघू नका. आधी जा."

"आणि जाऊन काहीच वाटलं नाही तर?"

"तर परत या. आणि पुन्हा जा."

एवढं सोपं बोलून तो मोकळा झाला. मी तो अख्खा आठवडा कुढत काढला. तिला समोर पाहिलं आणि दगडासारखी उभी राहिले तर? लांब होते तोवर निदान आशा तरी होती. तिथं जाऊन ती संपली तर मी कुठं जाऊ?

एसटीनं गेलो. खिडकीच्या बाजूला मी, हे माझ्या अंगाला अंग लावून. दिंडोरीला द्राक्षांच्या छाटणीचे दिवस होते. भावाच्या बागेत बायका वेलींच्या डोळ्यांना कोंब फुटायची पेस्ट लावत होत्या, वहिनीचे हात कोपरापर्यंत भरलेले. ती आम्हाला बघून तशीच धावत आली. सोनी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. उंच झालेली. मामीनं दोन वेण्या चापूनचोपून बांधलेल्या, माझ्यासारख्या नाहीत. तिनं वर पाहिलं.

मी थांबले. आता पळत येईल, गळ्यात पडेल, आणि मला काय वाटतंय ते मला तपासावं लागेल, म्हणून जीव मुठीत धरून उभी होते.

ती आली नाही. उठली, मामीच्या मागं गेली, तिचा पदर धरला आणि तिथून माझ्याकडं बघत राहिली.

वहिनी म्हणाली, "अगं येडे, आई हाय ना तुझी. जा की."

सोनी म्हणाली, "नको. ती परत पडंल."

तेव्हा माझ्या पोटात असं काही तुटलं की मी वाकलेच. ह्यांनी घाबरून माझा दंड धरला. "काय होतंय? भीती वाटती का?"

"नाही हो," मी म्हटलं. "दुखतंय. लय दुखतंय." डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि मला ते पुसायचं भान नव्हतं.

मग मी अंगणातल्या मातीत खाली बसले, मांडी घालून. तिला म्हटलं, "हे बघ सोने, मी बसलेय. बसलेलं माणूस पडत नाही. ये."

तिनं बराच वेळ विचार केला. मग मामीचा पदर सोडला, हळूहळू आली आणि माझ्या शेजारी बसली. अंगाला लागून नाही, मध्ये हातभर जागा ठेवून. मी ती जागा ओलांडली नाही. ती हातभर जागा मला इतकी दुखत होती की श्वास घेता येईना, आणि आता हे दुखणं कुणी माझ्यापासून काढून घेऊ नये, एवढंच मला वाटत होतं.